सोनेरी तबकडीची चौकट विकत घेण्याआधी

प्रश्न : स. न. वि. वि. मी बऱ्याच वर्षांपासून साठ-सत्तरच्या दशकांतील अमेरिकन रॉक आणि सोल संगीताच्या ध्वनिमुद्रिका जमवत आलो आहे. विक्रीचा टप्पा गाठल्याबद्दल दिली जाणारी, काचेच्या चौकटीतली एखादी सोनेरी तबकडी संग्रहात असावी, असे आता वाटू लागले आहे. ऑनलाइन लिलावात अशा दोन वस्तू माझ्या नजरेस पडल्या. पहिली १९६८ सालच्या एका अल्बमची आहे. पांढऱ्या कापडावर सोनेरी तबकडी आणि खाली धातूची पाटी असून पाटीवर एका रेडिओ केंद्राचे नाव आहे. कापडावर तपकिरी डाग पडले आहेत आणि चौकटीचा एक कोपरा सुटला आहे. दुसरी १९७२ साली निघालेल्या अल्बमची प्लॅटिनम तबकडी आहे. तिच्यावर खुद्द कलावंताचे नाव, १९७३ हे साल आणि आरआयएए या अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेचे बोधचिन्ह आहे, वस्तू नव्यासारखी आहे आणि विक्रेता अस्सलतेचे प्रमाणपत्रही देतो. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच आहे. माझे थोरले बंधू म्हणतात की, निदान आत खरे सोने आहे की नाही एवढे तरी विचारून घे. यांतली कोणती घ्यावी, पहिली घेतल्यास चौकट नवी करून घ्यावी का, आणि पुढे तिची किंमत वाढेल का, याबद्दल आपण मार्गदर्शन करावे.

उत्तर : दुसऱ्या वस्तूचा विचार तुम्ही आजच सोडून द्यावा. पहिली घेण्याजोगी असू शकते. मात्र विक्रेत्याकडून काही छायाचित्रे आणि काही उत्तरे मिळाल्याशिवाय तिच्यासाठीही पैसे मोजू नयेत.

दुसरीबद्दल इतक्या ठामपणे लिहिता येते, कारण तिच्यावरचे साल आणि तिच्यावरचा धातू यांचा मेळ बसत नाही. रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजेच आरआयएए, ही संस्था १९५२ साली स्थापन झाली आणि तिने अधिकृत गोल्ड पुरस्कार १९५८ साली सुरू केले. पहिला मान त्या वर्षीच्या मार्च महिन्यात गायक पेरी कोमो यांच्या एका एकल गीताला (सिंगल, म्हणजे स्वतंत्र तबकडीवर विकल्या जाणाऱ्या गीताला) मिळाला आणि जुलैत ‘ओक्लाहोमा!’ या चित्रपटाच्या गीतांचा अल्बम पहिला गोल्ड अल्बम ठरला. त्यानंतरची जवळजवळ अठरा वर्षे या संस्थेकडे गोल्डच्या वरची पायरीच नव्हती. प्लॅटिनम हा दर्जा १९७६ साली आला. तेव्हा अल्बमसाठी १० लाख आणि एकल गीतासाठी २० लाख प्रतींची अट होती, आणि पहिला प्लॅटिनम अल्बम म्हणून २४ फेब्रुवारी १९७६ रोजी ईगल्स या गटाच्या निवडक गीतांच्या संग्रहाची नोंद झाली. तेव्हा आरआयएएच्या बोधचिन्हाखाली १९७३ साली कोणाला प्लॅटिनम मिळणे शक्यच नव्हते. जुन्या अल्बमना हा दर्जा मिळाला तोही पुष्कळदा फार उशिरा. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा खप सर्वांना ठाऊक आहे, तो अल्बम १९७३ सालीच गोल्ड झाला, पण त्याच्या प्लॅटिनमची नोंद १९९० सालची आहे. प्रमाणनाच्या या तारखा आरआयएएच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य शोधता येतात, आणि कोणतीही चौकट घेण्यापूर्वी तेथे पाच मिनिटे घालवली, तर बऱ्याच बनावट वस्तू घरबसल्या बाद करता येतात.

विक्रेता यावर असे म्हणू शकेल की, हा पुरस्कार आरआयएएचा नसून ध्वनिमुद्रण कंपनीने स्वतः दिलेला होता. कंपन्यांनी स्वतःच्या अखत्यारीत असे पुरस्कार दिले, हे खरे आहे. किंबहुना ही प्रथा आरआयएएपेक्षा जुनी आहे. वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर यांना त्यांच्या कंपनीने सोनेरी मुलामा दिलेली तबकडी १९४२ सालीच भेट दिली होती. तुमची आवड सोल संगीताची असल्यामुळे मोटाउन या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपनीचे उदाहरण तर तुम्ही विशेष लक्षात ठेवावे. या कंपनीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आपले हिशेब आरआयएएच्या लेखापरीक्षकांसाठी खुले केले नाहीत, आणि त्यामुळे साठच्या दशकात तिच्या ज्या गीतांनी अमेरिका दणाणून सोडली होती, त्यांना त्या काळात आरआयएएचा पुरस्कार मिळालाच नाही. मोटाउनचा त्या काळातला पुरस्कार असेल, तर तो कंपनीचा स्वतःचा असणार. याच कारणाने, साठच्या दशकातील मोटाउन गीताची आरआयएएच्या बोधचिन्हाची त्याच काळची चौकट कोणी समोर ठेवली, तर तिच्याकडे पाठ फिरवावी. तुमच्या प्लॅटिनमच्या बाबतीत मात्र ही पळवाट विक्रेत्याला उपलब्ध नाही, कारण बोधचिन्ह त्यानेच दाखवले आहे. ब्रिटिश वस्तूंच्या बाबतीतही असाच एक सापळा असतो. तेथील ध्वनिमुद्रण उद्योगाची बीपीआय ही संस्था १९७३ साली अस्तित्वात आली. त्याआधीच्या ब्रिटिश रुपेरी तबकड्या ‘डिस्क’ नावाचे संगीत साप्ताहिक देत असे, आणि म्हणून साठच्या दशकातील गीतावर बीपीआयचे नाव असलेली समकालीन रुपेरी तबकडी संभवत नाही.

आता पहिल्या वस्तूकडे वळू. पांढरे कापड, लाकडी चौकट, तबकडी आणि खाली पाटी, हे वर्णन त्या काळाशी जुळते. या प्रकाराला संग्राहक ‘व्हाइट मॅट’ म्हणतात आणि तो साधारण १९७४-७५ पर्यंत चालला. त्यानंतर तबकडी आणि पाटी पार्श्वभूमीपासून किंचित उचललेली, अधांतरी वाटावी अशी मांडणी आली, जिला ‘फ्लोटर’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात मांडणी पुन्हा बदलली आणि त्या दशकाच्या मध्यापासून बनावटगिरीला आळा घालण्यासाठी पाटीवर होलोग्राम दिसू लागला. चौकटीच्या घडणीवरून तिचा काळ ओळखता येतो तो यामुळेच. मात्र १९६८ च्या अल्बमच्या चौकटीवर होलोग्राम दिसला म्हणून ती लगेच बनावट ठरवू नये. पुरस्कारास पात्र असलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या कंपनीला नंतरच्या काळातही चौकट मागवता येत असे, आणि ती त्या त्या वेळच्या नमुन्यातच बनत असे. अशी चौकट अस्सल असते, पण संग्राहक तिला समकालीन चौकटीइतके मोल देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

तुमच्या चौकटीत सर्वांत बोलका भाग पाटी हाच आहे. तिचे जवळून घेतलेले, तिरप्या प्रकाशातले छायाचित्र मागवा. अक्षरे धातूत खोलवर कोरलेली दिसली पाहिजेत. ती पृष्ठभागावर छापल्यासारखी सपाट दिसत असतील, तर शंका घ्यावी. त्याहून महत्त्वाचा आहे तो मजकूर. त्या काळी एकल गीताला गोल्डसाठी १० लाख प्रतींची अट होती, पण अल्बमची अट प्रतींची नव्हती. घाऊक दराने १० लाख डॉलरची विक्री झाली की अल्बम गोल्ड होत असे. ५ लाख प्रतींची अट १९७५ साली आली. त्यामुळे १९६८ च्या अल्बमच्या व्हाइट मॅट चौकटीवर ‘१० लाख डॉलरहून अधिक विक्रीच्या स्मरणार्थ’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असायला हवा. त्या जागी ‘५ लाख प्रती’ असे लिहिलेले असेल, तर पाटी बनवणाऱ्याने पुढच्या काळातील पुरस्कार पाहून नक्कल केली आहे, असे समजायला हरकत नाही. बनावट वस्तू तयार करणारे कापड, लाकूड आणि जुनाट रंग यांवर बरीच मेहनत घेतात. नियमावली वाचण्याचे कष्ट मात्र त्यांतले फार थोडे घेतात.

पाटीनंतर तिच्या भोवतालचे कापड पाहा. कमी महत्त्वाच्या व्यक्तीच्या नावाचा अस्सल पुरस्कार स्वस्तात घ्यायचा, त्यावरची पाटी काढायची आणि कलावंताच्या नावाची नवी पाटी बसवायची, हा या बाजारातला जुना उद्योग आहे. अशा वस्तूची चौकट खरी, तबकडी खरी, कापडही खरे असते, आणि म्हणूनच ती ओळखणे अवघड जाते. परंतु पन्नास वर्षे एका जागी असलेली पाटी आपल्याखालचे कापड प्रकाशापासून झाकून ठेवते. पाटीच्या कडेला कापडाची एखादी फिकट किंवा अधिक स्वच्छ पट्टी दिसली, डिंकाचा माग दिसला, किंवा आजूबाजूचे डाग पाटीच्या कडेपाशी नैसर्गिकपणे न थांबता तिच्याखाली गेल्यासारखे वाटले, तर पाटी बदलली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या चौकटीवरचे तपकिरी डाग या तपासणीत उपयोगी पडतील, आणि त्या कारणाने मला तरी ते दोषापेक्षा साक्षीदार अधिक वाटतात.

तबकडीकडे पाहताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी, म्हणजे उगाच गैरसमज होणार नाही. सोनेरी तबकडीवरील खोबण्यांचे पट्टे मोजून ते अल्बममधील गीतांच्या संख्येशी ताडून पाहण्याचा मोह नवख्या संग्राहकाला होतो, आणि ते जुळले नाहीत की त्याला आपण फसलो असे वाटते. वास्तविक चौकट बनवणाऱ्या कारागिरांकडे धातूचा मुलामा दिलेल्या ज्या तबकड्या उपलब्ध असत, त्यांतली कोणतीही एक घेऊन तिच्यावर योग्य ते लेबल चिकटवले जात असे. आतली तबकडी भलत्याच अल्बमची निघणे ही अस्सल पुरस्कारांमध्येही नेहमीची बाब आहे. लेबल मात्र तपासावे. त्या काळचे लेबल कागदी आणि छापखान्यात छापलेले असे; भिंगाखाली आजच्या घरगुती प्रिंटरचे बारीक रंगीत ठिपके दिसले, तर पुढे पाहण्याची गरज नाही.

तुमच्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच देऊन टाकतो. सोने असलेच तर अत्यंत पातळ मुलाम्याइतके असते, आणि कित्येकदा तो केवळ सोनेरी रंगाचा धातूचा थर असतो. सराफाच्या दृष्टीने या वस्तूला मोल नाही. मानपत्राचे मोल जसे ते कोणाला आणि कोणी दिले यावर ठरते, तसेच येथे आहे. ‘प्रेझेंटेड टू’ या शब्दांनंतर येणारे नाव हेच किमतीचे मुख्य कारण असते. कलावंताच्या स्वतःच्या नावाचा पुरस्कार सर्वांत वर, त्यानंतर निर्माता, व्यवस्थापक, गीतकार, आणि त्याखाली कंपनीचे कर्मचारी, रेडिओ केंद्रे आणि विक्रेते, असा सर्वसाधारण क्रम मानला जातो. अर्थात कलावंताचे नाव असले म्हणजे ती चौकट त्याच्या घरच्या भिंतीवर होती, असा निष्कर्ष काढू नये. एखाद्या गटाच्या नावाच्या अनेक चौकटी बनल्याची उदाहरणे आहेत. तसेच, रेडिओ केंद्राच्या नावाची चौकट कमी प्रतीची म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. बनावट करणारा सहसा मोठे नाव निवडतो. कोणा केंद्राच्या नावासाठी तो कष्ट घेण्याची शक्यता कमी असते. शिवाय अशा नावाची शहानिशा करता येते. ते केंद्र १९६८-६९ मध्ये त्या नावाने प्रसारण करत होते का आणि त्या प्रकारचे संगीत वाजवत होते का, हे शोधण्याजोगे आहे. ‘बिलबोर्ड’ आणि ‘कॅश बॉक्स’ ही व्यापारी साप्ताहिके पुरस्कार प्रदानाची छायाचित्रे आवर्जून छापत असत, आणि त्यांचे जुने अंक आज डिजिटल स्वरूपात वाचायला मिळतात. त्यात तुमचीच चौकट सापडेल अशी आशा धरू नये. पण त्याच काळातल्या खऱ्या चौकटी कशा दिसत होत्या, पाटी कोठे बसवलेली असे, कडा कशी होती, हे डोळ्यांत भरण्यासाठी त्या छायाचित्रांहून चांगली शाळा नाही.

विक्रेत्याच्या प्रमाणपत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ज्याला वस्तू विकायची आहे, त्यानेच ती खरी असल्याचे लिहून दिले, तर त्या कागदाने माहितीत काहीच भर पडत नाही. अशा कागदापेक्षा ज्या व्यक्तीला पुरस्कार मिळाला तिने, किंवा तिच्या वारसाने, सही करून दिलेले साधे पत्र शतपटीने उपयोगाचे असते. त्यात चौकट कधी मिळाली, कोठे टांगलेली होती आणि पुढे कोणाला विकली एवढे लिहिलेले असले तरी पुरे. मोठ्या लिलावगृहातून वस्तू पूर्वी विकली गेली असेल, तर तिथला लॉट क्रमांक मागावा, कारण अनेक लिलावगृहांच्या जुन्या नोंदी छायाचित्रांसह खुल्या असतात आणि कापडावरचे डाग जुळतात का हेही त्यावरून पाहता येते. याखेरीज शोभेच्या सोनेरी तबकड्यांचा एक वेगळाच बाजार आहे, हेही सांगायला हवे. ‘मर्यादित आवृत्ती’ वगैरे शब्द छापून विकल्या जाणाऱ्या या वस्तू दिवाणखान्यात टांगायला छान दिसतात आणि ‘शोभेची वस्तू’ म्हणून विकल्या तर त्यात गैर काही नाही. कोणताही पुरस्कार कोणालाही दिल्याचा दावा त्यांच्यावर नसतो. त्या पुन्हा विकल्या जातात तेव्हा मात्र हा फरक सोयीस्करपणे गळून पडतो.

चौकट नवी करून घेण्याचा विचार मात्र कृपा करून मनातून काढून टाका. मागचा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेले चौकट बनवणाऱ्याचे लेबल, गंजलेले खिळे, कड्यांना बांधलेली तार, यांतली प्रत्येक गोष्ट या वस्तूच्या खरेपणाचा पुरावा आहे, आणि हौशी कारागीर पहिल्याच दिवशी नेमके हेच काढून टाकतो. न्यू यॉर्क फ्रेम अँड पिक्चर कंपनीसारख्या बनवणाऱ्याचे मूळ लेबल मागे शाबूत असेल, तर केवळ त्या कागदाच्या तुकड्यामुळे पुढचा ग्राहक निर्धास्त होतो. कापड बदलले की पाटीखालचा मागही गेला, आणि मग तुमच्याजवळची खरी चौकट खरी आहे हे सिद्ध करणे तुम्हालाच जड जाईल. सुटलेला कोपरा जुन्या कागदपत्रांवर किंवा चित्रांवर काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाकडून, मागची बाजू न उघडता जुळवून घेता येत असेल, तर तेवढेच करावे. उघडणे अपरिहार्य असेल, तर आधी सर्व बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि काढलेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून वस्तूबरोबरच ठेवावा. डाग धुण्याचा प्रयत्न करू नये; ओलावा कापडातून तबकडीपर्यंत पोहोचला, तर मुलाम्याला काळे ठिपके पडतात आणि त्यांवर इलाज नाही.

भिंतीवर लावताना थेट ऊन येणारी जागा आणि ओल धरणारी भिंत टाळावी. जुन्या तारेवर भरवसा न ठेवता चौकटीचा भार दोन खिळ्यांवर विभागला जाईल अशी सोय करावी, पण तार काढून टाकू नये. पुढची बाजू काचेची आहे की अॅक्रिलिकची, हे विचारून घ्यावे, कारण काच पुसण्याच्या अमोनियायुक्त द्रवाने अॅक्रिलिक धुरकट होते. कोणताही द्रव चौकटीवर फवारू नये; फडक्यावर घेऊन पुसावे, म्हणजे तो सांध्यांतून आत झिरपणार नाही. कापडी पार्श्वभूमी असल्याने कसरीवरही लक्ष ठेवावे लागेल.

किंमत वाढेल का, या प्रश्नावर मी तुम्हाला आशेला लावणार नाही. व्हाइट मॅट चौकटींचा पुरवठा वाढणारा नाही आणि त्यांना मागणी आहे, हे खरे. पण ही मागणी त्या त्या कलावंताच्या चाहत्यांच्या पिढीशी बांधलेली असते, आणि पिढ्या बदलल्या की कोणाची ओढ टिकेल हे आधी सांगता येत नाही. नव्या काळातील पुरस्कारांविषयी मात्र माझे मन साशंक आहे. आरआयएएने २०१३ पासून एकल गीतांच्या आणि २०१६ पासून अल्बमच्या प्रमाणनात स्ट्रीमिंगची गणना धरली; अल्बममधील गीते मिळून १,५०० वेळा ऐकली गेली की ती एका अल्बमच्या विक्रीबरोबर धरण्याचे २०१६ साली ठरले. हिशेब म्हणून ते रास्त असेल, परंतु जी तबकडी फारशी कोणी विकतच घेतली नाही तिचा सोनेरी नमुना चौकटीत पाहताना जुन्या संग्राहकाला थोडे हसू येतेच. तुम्ही गुंतवणूक म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका; त्या अल्बमवर तुमचे मन असेल आणि डाग पडलेली चौकट रोज पाहायला आवडणार असेल, तर घ्या.

तेव्हा आता पहिल्या विक्रेत्याला पत्र लिहून पाटीचे तिरप्या प्रकाशातले छायाचित्र, पाटीच्या चारही कडांचे जवळचे छायाचित्र, तबकडीवरील लेबल, आणि संपूर्ण मागची बाजू, एवढे मागवा. चौकट त्याच्याकडे कोणाकडून आली आणि आजवर ती उघडली गेली आहे का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आरआयएएच्या नोंदीत त्या अल्बमची गोल्ड तारीख शोधून ती पाटीशी आणि चौकटीच्या नमुन्याशी ताडून पाहा. अल्बमला गोल्ड १९७६ नंतर मिळाले असेल, तर व्हाइट मॅट चौकट मुळातच शंकास्पद ठरते. मागच्या बाजूचे छायाचित्र द्यायला विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर कारण काहीही सांगितले तरी बोली लावू नये. सर्व जुळून आल्यास डाग आणि सुटलेला कोपरा दाखवून किंमत कमी करण्याची विनंती अवश्य करा. दोष खरे आहेत आणि ते विक्रेत्यालाही माहीत आहेत.